तिसरी शिट्टी

"म्हणजे घर सोडून इथे यायचं, आणि इथेही भांडी आपणच घासायची?" केबिनच्या दारात उभं राहून सासूबाईंनी विचारलं. "मग घर काय वाईट होतं? तिथे निदान नळ तरी हाताशी आहे."

सूनबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या कडेवर दहा महिन्यांची ठकी होती, एका खांद्यावर लंगोटांची पिशवी होती, दुसऱ्यावर अंथरुणांची, आणि तिसरा खांदा नसल्यामुळे दुधाच्या बाटल्यांची थैली तिने दातांत धरली होती. उत्तर देणं शक्यच नव्हतं.

केबिन लाकडी होती. एकावर एक असे पलंग, कोपऱ्यात दोन बर्नरची शेगडी, एक पाय आखूड असलेलं टेबल आणि एक खिडकी. बाकी सगळं, म्हणजे न्हाणीघर, कपडे धुवायची जागा आणि पाण्याचा नळ, चढावर सगळ्यांत मिळून. भांडीकुंडी, शिधा, उशा ज्याच्या त्याने आणायच्या. जाहिरातीत लिहिलं होतं, 'साधी, स्वच्छ, स्वतः रांधून खाण्याची सोय आणि अतिशय शांत.' त्यातला शेवटचा शब्द तेवढा सूनबाईने वाचला होता आणि तिथल्या तिथे जागा राखून टाकली होती.

कारण ठकी झोपत नव्हती. ठकी झोपत नव्हती म्हणून सूनबाई झोपत नव्हती. घरी पोरगी डोळा मिटायची ती फक्त सकाळी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कांद्याबटाट्यांच्या टोपलीशेजारी घातलेल्या दुपट्यावर, आणि तेही नळ, मिक्सर, कुकर असा सगळा धुमाकूळ चालू असताना. 'एवढ्या गोंगाटात झोपते, तर शांततेत किती झोपेल!' असं त्रैराशिक सूनबाईने मांडलं होतं. उत्तर इतकं सुंदर येत होतं, की ते तपासून बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

तिला आणखीही एक घोर लागला होता, पण तो मोठ्याने बोलण्यासारखा नव्हता. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासूबाईंनी पहिला धडा दिला होता, "भाताला तीन शिट्ट्या. चौथी झाली की पेज." त्याच सासूबाई ठकी झाल्यापासून चार चार, पाच पाच शिट्ट्या होऊ देत होत्या. भात गिचका व्हायचा आणि सासूबाई तो निमूट वाढायच्या. नवराबायकोत रात्री कुजबुज व्हायची. "आईचं मोजणं सुटतंय का रे?" "वय झालं गं." "डॉक्टरांना दाखवू या का?" "सुट्टीहून आलो की बघू."

"अहो आई, हे काय?" गाडीच्या डिकीतून सासूबाई चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड काढत होत्या.

"कुकर."

"इथे कशाला कुकर?"

"शिजवायला. डोक्यावर घालायला आणलेला नाही."

तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. ते कॅम्पचे व्यवस्थापक. त्यांच्या शर्टाची वरची गुंडी लावलेली होती आणि चेहऱ्याचीही लावलेली असावी असं वाटत होतं.

"एक सूचना," ते म्हणाले. "गवत वाळलेलं आहे, केबिनी लाकडी आहेत आणि आमचा भोंगा बिघडलेला आहे. म्हणून शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे आग. ऐकलंत, की असाल तसे मैदानात यायचं. सामान घ्यायचं नाही, केबिनमध्ये परत जायचं नाही. एक माणूस गेटवर आहे, एक तळ्यावर, आणि मी. ज्याला ऐकू येईल तो पुढे वाजवणार. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं ठीक. कळलं?"

सूनबाईने मान हलवली आणि मनातल्या मनात सगळं पाठ केलं. तिच्या मनात अशा गोष्टींसाठी नेहमीच भरपूर जागा असे. नवरा "हो हो" म्हणाला, म्हणजे त्याने काही ऐकलं नव्हतं. सासूबाई तोवर आत जाऊन गाद्या बडवत होत्या.

पहिल्या रात्री शांतता आली. ती इतकी आली, की सूनबाईला स्वतःच्या पापण्यांची उघडझाप ऐकू येऊ लागली. ठकीने टक्क डोळे उघडले आणि ही काय भानगड आहे अशा चेहऱ्याने छताकडे बघत राहिली. मग तिने ओठ काढला. मग गळा काढला. सूनबाईने थोपटलं, खांद्यावर घेतलं, येरझारा घातल्या. नवऱ्याने अंगाई म्हटली. भिंतीपलीकडच्या केबिनमधून खोकल्याचा आवाज आला. नवऱ्याने अंगाई हळू आवाजात म्हटली, तेव्हा ती जास्तच भेसूर वाटली.

सकाळी शेजारचे गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून दारात हजर. ते पक्ष्यांचे नादी होते. "रात्री तुम्ही एक आवाज ऐकलात का?" त्यांनी डोळे लुकलुकवत विचारलं. "घुबड नव्हे. घशातून, घोगरा, दुःखी. मी आयुष्यात ऐकला नव्हता."

"आम्हीसुद्धा," सासूबाई मुलाकडे बघत म्हणाल्या.

दुपारपर्यंत ठकी रडून लाल झाली आणि सूनबाई न रडता. तिने भांडी विसळायचं पाणी दुधाच्या बाटलीत भरलं आणि दूध दाराबाहेर ओतलं. तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातून बाटली काढून घेतली.

"इकडे दे तिला. लंगोट साठलेत, ते धुऊन आण जा. आणि तू रे, बादल्या उचल, पाणी आण. इथे दोघं उभे राहून पोरीच्या तोंडाकडे बघू नका. ती कावरीबावरी होते."

"अहो, पण तुम्ही एकट्या..."

"एकटी कुठे? ही आहे ना सोबतीला."

"तसं नाही आई, म्हणजे, तुमच्या लक्षात राहील ना, तिला पलंगाच्या कडेला नाही ठेवायचं..."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "नाही विसरत मी तिला," त्या म्हणाल्या. "जा तू."

सूनबाई चढ चढून गेली, पण तिचं मन केबिनच्या उंबऱ्यावरच बसून राहिलं. आणि सासूबाईंनी शेगडीजवळच्या कोपऱ्यात दुपटं अंथरलं, त्याच्याशेजारी बटाट्यांची पिशवी ठेवली, कुकरमध्ये पाणी घातलं. नुसतं पाणी उकळायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून पिशवीतले निम्मे बटाटे त्यात टाकले. आच मोठी केली.

धुण्याच्या दगडापाशी सूनबाईचे हात कोपरापर्यंत फेसात होते. पलीकडे पक्षीवाले काका आपला कप विसळत होते. एवढ्यात खालून, झाडीतून आवाज आला. बारीक, लांब, चढत जाणारा.

"हलू नका!" काकांनी कप खाली ठेवला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. "ऐकलंत?"

सूनबाईने ऐकलं होतं. आवाज ओळखीचा वाटत होता, पण जागरणाने डोक्याचं इतकं पीठ झालं होतं, की ओळख कुठली ते आठवेना. थोड्या वेळाने आवाज पुन्हा आला.

"नर आहे," काका कुजबुजले. "मादीला बोलावतोय. फार तळमळीने बोलावतोय हो!"

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा सूनबाईच्या हातातला लंगोट गळून पडला. तीन. शिट्ट्या. तीन!

त्याच क्षणी व्यवस्थापकांनाही तेच वाटलं असावं, कारण कार्यालयाकडून करकरीत तीन शिट्ट्या आल्या. त्या गेटवाल्याने उचलल्या, गेटवाल्याच्या तळ्यावाल्याने उचलल्या, आणि तळ्यावाल्याच्या ऐकून व्यवस्थापकांची खातरीच पटली, म्हणून त्यांनी पुन्हा तीन दिल्या. सगळं रान शिट्ट्यांनी भरून गेलं. केबिनींची दारं धडाधड उघडली. माणसं असतील तशी धावली. एकजण अर्ध्या दाढीनिशी, एक बाई हातात कालथा घेऊन. सूनबाईला लोंढ्याने उचललं आणि मैदानात नेऊन ठेवलं.

"केबिनप्रमाणे उभे राहा!" व्यवस्थापक ओरडत होते. "माणसं मोजा!"

नवरा धापा टाकत आला. दोन्ही हातांत बादल्या होत्या. अख्ख्या मैदानात पाणी घेऊन आलेला तो एकटाच. लोकांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. व्यवस्थापक म्हणाले, "शाब्बास! याला म्हणतात प्रसंगावधान." त्या बादल्या पिण्याच्या पाण्याच्या होत्या आणि त्या खाली ठेवायचं त्याला केवळ सुचलं नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही.

"ठकी कुठेय?" सूनबाईने विचारलं.

"तुझ्याकडे नाही?"

"माझ्याकडे? मी धुवायला गेले होते! आई कुठेत?"

"आल्या असतील की दोघी."

दोघांनी मैदानभर नजर फिरवली. अर्धी दाढी दिसली, कालथा दिसला, दुर्बीण दिसली. सासूबाई दिसल्या नाहीत.

"तुमचे किती?" व्यवस्थापक समोर आले.

"चार."

"दिसतायत दोन."

काय काय आलं सूनबाईच्या डोळ्यांपुढे! सासूबाई गॅस चालू ठेवून विसरल्या. पडदा पेटला. घाबरून बाहेर पडल्या आणि पोरगी आतच. किंवा पोरीला घेऊन निघाल्या आणि वाट चुकून तळ्याकडे गेल्या. 'नाही विसरत मी तिला' म्हणाल्या होत्या, आणि आपण त्यांच्यावर टाकून निघून आलो, चार लंगोटांसाठी!

ती धावत सुटली.

"बाई, थांबा! परत जायचं नाही! नियम आहे!"

"नियम तुमच्याजवळ ठेवा! माझं बाळ आहे तिथे!"

एरवी दुकानदाराकडून सुटे पैसे मागतानासुद्धा जिचा आवाज फुटत नसे, त्या सूनबाईचं हे वाक्य पार तळ्यापर्यंत गेलं. ती पुढे, तिच्या मागे बादल्या हिंदकळत नवरा, त्याच्या मागे शिट्टी फुंकत व्यवस्थापक, आणि त्यांच्या मागे सगळं मैदान. कारण केबिनमध्ये जायचं नाही असा नियम असला, तरी दुसऱ्याच्या केबिनमध्ये काय चाललंय ते बघायचं नाही असा नियम नव्हता.

वळण घेतलं आणि समोर केबिन दिसली. खिडकीतून पांढरे लोट बाहेर येत होते.

"धूर!" कोणीतरी ओरडलं.

व्यवस्थापकांनी तिला हाताने मागे सारलं. "मागे व्हा सगळे! आत मी जाणार!" आणि त्यांनी दार ढकललं. नवऱ्याच्या प्रसंगावधानाची एव्हाना कीर्ती झालेली होती, ती राखणं भाग होतं. त्याने डोळे मिटून पहिली बादली दारात रिकामी केली. व्यवस्थापक उंबऱ्यातच होते. दुसरी बादली त्याने डोळे उघडायच्या आधी ओतली.

"श्श!" आतून आवाज आला.

सासूबाई शेगडीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. ओठांवर बोट होतं. त्यांच्या पायांशी, बटाट्याच्या पिशवीला पाठ लावून, ठकी दोन्ही हात डोक्यावर टाकून झोपली होती. झोपली म्हणजे अशी, की गालाखालचं दुपटं लाळेने भिजलं होतं. शेगडीवर कुकर थरथरला, आणि त्याने सगळ्यांच्या देखत, बारीक, लांब, चढत जाणारी शिट्टी दिली. खिडकीच्या काचेवर वाफ दाटली.

ठकीने झोपेतच ओठ हलवले आणि हसली.

व्यवस्थापकांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते, तेवढाच काय तो आवाज.

"हा... कुकर?" ते शेवटी म्हणाले.

"मग काय पिपाणी आहे?" सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्ही काय असे आंघोळ करून आलात? पुसा डोकं. दोरीवर पंचा आहे."

"आजी, तीन शिट्ट्या म्हणजे आग!"

"असेल. ही पाचवी होती."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने सूनबाईकडे. पाच!

"पण आमच्या शिट्ट्या लागोपाठ असतात," गर्दीतून गेटवाला म्हणाला. "ह्या थांबून थांबून येत होत्या. मी म्हटलंच होतं."

"मला वाटलं आग विझवणारा माणूस दम खात असेल," व्यवस्थापक ओशाळून म्हणाले. मग त्यांनी छाती सावरली. "हे भांडं इथे चालणार नाही. नियम आहे."

"काल तर तुम्ही सांगितला नाहीत."

"आजपासून आहे." त्यांनी शिट्टी ओठांपाशी नेली आणि ते थबकले. "आता एक लांब शिट्टी द्यायला हवी. सगळं ठीक म्हणून. पण ही उठेल..."

"खुशाल द्या. शिट्टीने नाही उठायची ती. तुमच्या बोलण्याने उठेल."

व्यवस्थापकांनी शिट्टी दिली. ठकीने कूस बदलली आणि घोरायला लागली.

कुकर कार्यालयात जमा झाला, पण रिकामा. कारण सगळ्यांची जेवणं अर्धवट राहिली होती, आणि बटाटे सालीतून आपोआप बाहेर यावेत इतके शिजले होते. मीठ लावून ते दारातच संपले. पक्षीवाले काका फार हिरमुसले होते. "नर नव्हता तर," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी दोन बटाटे खाल्ले. माणसं चवड्यांवर चालत पांगली. नवऱ्याला पुन्हा पाण्याला पाठवण्यात आलं.

केबिनमध्ये शांतता झाली. ठकी झोपलेली, पलंग रिकामा, दार लोटलेलं. दहा महिने सूनबाई ज्या दुपारची वाट बघत होती, ती ही. ती आडवी झाली. डोळे मिटले. या कुशीवर झाली, त्या कुशीवर झाली. शेवटी उताणी होऊन वरच्या पलंगाच्या फळ्यांकडे बघत राहिली.

"लागत नाही ना?" स्टुलावरून सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो. फारच शांत आहे."

"तुला कुकर लागतो."

"मला नाही, ठकीला."

"दोघी सारख्याच. मी रोज कुकर चढवते आणि तू भाजी निवडायला म्हणून भिंतीशी बसतेस. पहिली शिट्टी झाली, की तुझे हात थांबतात. दुसरीला मान भिंतीला टेकते."

सूनबाई उठून बसली. "तुम्ही बघता?"

"डोळे आहेत मला. एकदा तिसरीला गॅस बंद केला मी, ठकी नुकतीच आली होती तेव्हा. तर आवाज थांबला म्हणून तू दचकून उठलीस आणि 'सॉरी हं आई' म्हणत भराभर शेंगा मोडायला लागलीस." सासूबाईंनी पायाशी झोपलेल्या ठकीच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. "त्या दिवसापासून नाही करत बंद. चौथी होऊ देते. फार दमलेली दिसलीस, तर पाचवी. भाताचं काय एवढं? मऊ झाला तरी पोटातच जातो."

रात्रीची सगळी कुजबुज सूनबाईच्या कानांत गरम होऊन आली.

"आई, आम्हाला वाटलं, तुम्ही मोजायला विसरता..."

"माहितीये. भिंत पातळ आहे आपल्या घराची, आणि कान शाबूत आहेत माझे. डॉक्टरची वेळ घेतली असेल तर तुझ्या नवऱ्याला दाखवा. माणसाच्या अंगावर बादल्या ओततो." त्या उठून पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. "पड आता."

"पण कुकर तर नेला ना त्यांनी."

"पड म्हणते ना."

सूनबाई पडली. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, इकडेतिकडे कोणी नाही ना ते बघितलं, आणि दातांच्या फटीतून सुरुवात केली. आधी नुसती वाफ कोंडल्यासारखी सुरसुर. मग ती वाढत गेली, हलक्या हाताचं थोपटणं तिच्याबरोबर वाढत गेलं, आणि शेवटी बारीक, लांब, चढत जाणारी शिट्टी. थेट घरच्यासारखी.

बाहेर शर्ट वाळत घालत असलेल्या व्यवस्थापकांचा हात चटकन गळ्यातल्या शिट्टीवर गेला. ते लगबगीने खिडकीशी आले, आत डोकावले. सासूबाईंनी न थांबता दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. व्यवस्थापकांनी शिट्टी मुठीत धरली, म्हणजे ती गुंडीवर वाजू नये, आणि ते मागच्या मागे चवड्यांवर निघून गेले.

पहिल्या शिट्टीला सूनबाईची आवळलेली मूठ सुटली. दुसरीला मान उशीत कलंडली. तिसरी सासूबाईंनी दिली की नाही, ते तिला अजूनही माहीत नाही.